नकाशावरची पांढरी विक्रोळी

अधिकाऱ्यांबरोबरच्या सोमवारच्या बैठकीआधी आमचा नकाशा एकदा प्रत्यक्ष फिरून तपासावा, असे ठरवून मी शनिवारी सकाळी अंधेरीहून बसने निघाले. सोबत नीता होती. नकाशा तिनेच रंगवला होता. "सुट्टीची वाट लावलीस ना," म्हणत तिने खिडकीची जागा पकडली.

आधी या नकाशाविषयी. एखाद्या वस्तीत अपंगत्व असलेली किती माणसे राहतात हे घरोघरी विचारणे खर्चिक असते. सरकारी अनुदानाच्या नोंदी मात्र तयार असतात. नावे झाकून, केवळ पत्त्यांच्या विभागांवरून अंदाज बांधता येतो. संध्याकाळी उजळलेल्या खिडक्या पाहून इमारतीत किती माणसे असतील हे ताडावे, तसे हे काम. मला ते विलक्षण आवडते. आमच्या नकाशात मुलुंड भरपूर नोंदींमुळे गडद होते आणि विक्रोळीचा खाडीकडचा भाग पांढराशुभ्र. व्यायामोपचाराचे नवे केंद्र कुठे व्हावे, हे त्यावरून ठरणार होते.

जोडरस्त्याने जाणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावे. पवईला नंतर बस हलत नाही. मुलुंडला स्टेशनजवळ गरम उसळपाव खाऊन आम्ही एका सोसायटीत गेलो. तिथले निवृत्त जोशीकाका गरजूंना अर्ज भरून देतात.

"चारही इमारतींचे अर्ज मीच भरतो," ते म्हणाले. "बायको म्हणते, आता घरचं वीजबिलही भरा."

मुलुंडची गरज खरी होती, पण नकाशातल्या गडद रंगात काकांच्या चिकाटीचाही वाटा होता.

तिथून रिक्षाने विक्रोळी. खाडीकडच्या एका चाळीच्या तोंडाशी असलेल्या वाण्याला, इथे कोणी अपंग राहते का असे विचारले, तर त्याने लगेच सुलभाताईंचे घर दाखवले. त्या मूळच्या मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते. सुलभाताईंची विशीतली मुलगी रश्मी चाकांच्या खुर्चीत बसून मुलांची शिकवणी घेत होती. जन्मापासून तिचे पाय ताठर आहेत. तिला अनुदान मिळते, असे ऐकून नीता गोंधळली.

"मग नकाशात कशी नाहीस गं तू?"

"दाखलो गावचो आसा," सुलभाताई म्हणाल्या. "आमी गणपतीक जातंव, तेवाच हयातीचो दाखलो देवन येतंव. चाळीत सगळ्यांचा तसाच."

"म्हणजे तुमच्या नकाशात मी गावाला राहते?" रश्मीने विचारले. "झकास. आई, आजपासून इथली भांडी माझी नाहीत."

सगळे हसलो. मग तिने सांगितले, की ती व्यायामासाठी मुलुंडच्या एका दवाखान्यात जात असे. आई तिला उचलून रिक्षात बसवायची. आईची कंबर धरली तेव्हापासून जाणे बंद आहे आणि गुडघे पुन्हा आखडत चालले आहेत. केंद्र इथे झाले, तर खुर्चीवरून तिची तीच जाऊ शकेल.

मी उत्साहाने म्हटले, "नोंद मुंबईला हलवा ना."

"आणि हडे नाव लागासर थयला अनुदान बंद पडला तर? मधल्या म्हयन्यांचे पैशे तुमी देतालास?" सुलभाताईंनी शांतपणे विचारले आणि पानात बांगड्याचे तिखले वाढले.

दिवसभराच्या प्रवासाला दोघींचा मिळून एका साध्या जेवणाइतका खर्च आला. रात्री घरी बसून आम्ही नकाशा दुरुस्त केला. पांढरा रंग 'कोणी नाही' आणि 'नोंद नाही' या दोन्हींसाठी वापरला होता, ही आमची चूक. खाडीकडच्या भागावर आता तिरप्या रेघा आहेत. त्यांचा अर्थ: ठाऊक नाही.

बैठकीत अधिकाऱ्यांनी विचारले, "तिथे माणसं आहेत की नाहीत, ते सांगा." आहेत, पण किती ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, असे मी म्हणाले. घरोघरी मोजणी होईपर्यंत निर्णय थांबला. मुलुंडच्या लोकांना आता उशीर होणार. आणि विक्रोळीला केंद्र मिळेलच, असेही नाही. मी अजून तेच तोलते आहे.

रश्मीला हे सारे फोनवर सांगितले.

"बरं," ती म्हणाली, "पण मोजायला दुपारी या. सकाळी पाणी येतं, तेव्हा कोणी दार उघडणार नाही. मग तुमच्या नकाशात आम्ही परत गावालाच."