श्रावणचा तेज हात

रोहण्याचा श्रावण एरवी शेतमजूर. पण संक्रांतीनंतर बैलांच्या शर्यतींचे शंकरपट सुरू झाले की तो धुरकरी व्हायचा आणि किसनरावांची बैलजोडी हाकायचा. या एका गोष्टीमुळं गावात त्याला मान होता. १९८६च्या हंगामात मात्र झेंडी पडल्यावर त्याची जोडी उशिरा सुटू लागली. किसनरावांनी चारचौघांत सुनावलं, "झेंडी पडते अन् तू जांभया देऊन राह्यला. पुढच्या साली अल्लीपूरच्या पटात असंच झालं, तं कासरा दुसऱ्याच्या हाती देतो."

या धाकानं तो आर्वीच्या बाजारात भैयाजीच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात शिरला. टिनाची खोली, खिडक्यांना पोती. आत बिडीचा धूर, कोपऱ्यात खर्रा खाऊन टाकलेल्या पिचकाऱ्या आणि शेकडो हातांच्या घामानं चिकट झालेला मशीनचा दांडा. पडद्यावर मोटारींची शर्यत चाले. हिरवा दिवा लागला की सुटायचं, पटात झेंडी पडल्यावर सुटतात तसं.

"यानं डोस्क्याले व्यायाम होते, नजर तेज होते," भैयाजी म्हणाला. "डॉक्टर लोक सांगून राह्यले." कोणता डॉक्टर, हे कुणी विचारलं नाही.

भैयाजीचं बोलणं अगदीच खोटं निघालं नाही. दिवाळीपर्यंत श्रावणचा हात खरोखरच चपळ झाला. वळणं पाठ झाली, दिवा बदलताच बोटं हलू लागली. मोटार आपटली तरी त्याला काही वाटत नसे. लगेच दुसरी मिळायची.

पटाच्या आधी महिनाभर धुरकऱ्यानं जोडीला स्वतः चारा घालायचा आणि रोज नदीच्या रेतीत चालवायचं, अशी तिकडची रीत. कोणता पाय दुखतो, ते रेतीत कळतं. श्रावणनं त्या वर्षी ते काम गड्यावर सोडलं. शेवटच्या एसटीनं, लाल डोळ्यांनी घरी येई.

"बैल पाह्याले गेलते का?" बायको मनकर्णाबाईनं एकदा विचारलं.

"बैल काय पळून जाते? मी हाताची तयारी करून राह्यलो."

"हात धुऊन बसा जेवाले. त्या दुकानाचा वास येते तुमच्या अंगाले."

अल्लीपूरला झेंडी पडली आणि श्रावणची जोडी अशी सुटली की लोक उभे राहिले. निम्म्या वाटेवर डावा बैल मागचा पाय उचलून धरू लागला. "कासरा ओढ बे," बांधावरून कुणीतरी ओरडलं. श्रावणनं बैल हाकायची खिळा ठोकलेली काठी, तुतारी, त्याच पायाच्या पुठ्ठ्यात खुपसली. जोडीनं रेघ ओलांडली आणि डावा कोसळला. पायाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. तोंडाच्या फेसाला किसनरावांनी सकाळी पाजलेल्या दारूचा वास होता.

पुढची जोडी खोळंबली होती, म्हणून पंचांनी बैलाला दोर बांधून कडेला ओढायला लावलं. लाऊडस्पीकरवर पहिला नंबर जाहीर झाला. किसनरावांच्या गळ्यात हार पडला. फोटोत बैल येऊ नये म्हणून त्यांना थोडं सरकून उभं राहायला सांगण्यात आलं.

श्रावणनं शर्यतीची वेळ मोजणाऱ्या घड्याळवाल्याकडून आपली वेळ दोनदा विचारून घेतली. मग तो किसनरावांकडं आला.

"मालक, दुसरा डावा कवा आणता?"

"बाजारात पाहू," किसनराव फेटा सारखा करत म्हणाले. "कासरा तुह्याच हाती राहीन."

बैल अजून जिवंत होता. श्रावणला भूक लागली होती. तो भज्यांच्या दुकानाकडं गेला.