किशनरावांनी पुसलेली काच

१२ जानेवारी २०२५, रविवार. हैदराबादच्या मत्स्यालयात तीन माणसांचं तिकीट झालं दोन हजार तीनशे चाळीस रुपये. खिडकीवर पैसे मी दिले. गोपीचंद मागून म्हणाला, "पंत, एवढ्यात तर दहा किलो रोहू आला असता, साफ करून." किशनराव गळाच्या जागी येतात तसे हलक्या पावलांनी आत शिरले.

किशनराव खिल्लारे हिंगोलीकडच्या सिद्धेश्वर धरणाजवळचे. पाटबंधारे खात्यात रोजंदारीवर लागले, पुढे कायम झाले आणि कालव्यावरचे चौकीदार म्हणून निवृत्त झाले. ड्युटी संपली की ते धरणाच्या काठावरच्या दगडांवर गळ टाकून बसायचे. निवृत्तीनंतर ड्युटी गेली आणि गळ तेवढा राहिला. गोपीचंदचं औंढ्याला वेल्डिंगचं दुकान आहे. मी एका पतसंस्थेत हिशेब बघतो, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. आम्ही तिघं रविवारी धरणावर एका रांगेत बसत आलो आहोत. माझ्या घरी मासा शिजत नाही, त्यामुळे माझा मासा किशनरावांच्या घरी जातो. सुरुवातीला त्यांच्या पत्नी जनकाबाईंनी मला विचारलं होतं, "खायचा न्हाई तर धरता काहून, भाऊ?" मी माशाची पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

किशनरावांची एक रीत होती. आम्ही दोघं तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीला, मोरपिसाची काडी बांधतो. ती पाण्यावर उभी तरंगते, माशाने ओढ दिली की बुडते आणि आपण झटका देतो. किशनराव काडी लावायचे नाहीत. तंगूस उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून सोडायचे आणि समोर बघत बसायचे. मासा लागला की बोटाला कळतं, असं म्हणायचे. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी काडी सोडली, तेव्हा आम्हाला ती उस्तादी वाटली. गोपीचंदनेही तसं करून पाहिलं. त्याची दोन आमिषं मासे खाऊन गेले आणि त्याने काडी परत बांधली.

त्यांचा मुलगा प्रज्ञेश हैदराबादला एका कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे. आम्हाला मत्स्यालय बघायला त्यानेच बोलावलं होतं. त्या दिवशी त्याची ड्युटी होती, म्हणून आम्ही तिघंच गेलो.

आत अंधार आणि काचेच्या मोठमोठ्या टाक्यांत उजेड. लोक मोबाईल धरून ओरडत होते. आम्हाला मासे बघताना गप्प राहायची सवय, त्यामुळे आम्ही तिघं भिंतीकडेने, आपली सावली पाण्यावर पडू नये अशा बेताने चाललो होतो. हे लक्षात आल्यावर माझं मलाच हसू आलं. गोपीचंद प्रत्येक माशाचं वजन बोलत होता. पंख पसरल्यासारखा एक रुंद, चपटा मासा काचेला चिकटून वर गेला तेव्हा तो म्हणाला, "ह्याला काटा कमी असंल." माझं लक्ष तोंडांकडे होतं. एक मासा खाण्याचा कण तोंडात घ्यायचा, थुंकायचा, परत घ्यायचा. काडी नुसती थरथरते आणि बुडत नाही, तेव्हा खाली काय चाललेलं असतं ते मला त्या दिवशी कळलं.

पुढे गोड्या पाण्याच्या माशांची टाकी आली. कटला, रोहू, मरळ.

"घ्या!" गोपीचंद म्हणाला. "हे तर आपले घरचेच. तिकीट काढून सोयऱ्याला भेटाया आलो व्हय?"

किशनराव काचेजवळ गेले. खांद्यावरचा रुमाल काढला आणि काच पुसायला लागले. "काय मळकी काच ठुली. एवढं तिकीट घेतेत, एक फडकं मारत न्हाईत."

काच स्वच्छ होती. मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांनी मागच्या टाकीचीही काच पुसली होती, ते मला आता आठवलं. तिथला रखवालदार जवळ आला. "चाचा, काँच साफ है। हाथ मत लगाओ।"

"साफ काय, धुकं दिसून राहिलं," किशनराव म्हणाले.

गोपीचंद हसायचा थांबला. त्याने मला कोपर मारलं आणि सहज विचारल्यासारखं किशनरावांना विचारलं, "दादा, ह्याच्यात मरळ कुठं हाय, सांगा बरं."

"मरळ बुडालाच बसती. त्या कोपऱ्यात." त्यांनी खाली बोट दाखवलं.

मरळ हवा घ्यायला वर आली होती. त्यांच्या नाकासमोर, काचेपलीकडे वीतभर अंतरावर तिचं तोंड उघडत आणि मिटत होतं. खालच्या कोपऱ्यात फक्त दगड होते.

गोपीचंदने त्यांचा दंड धरला आणि बाकावर आणून बसवलं. "किती दिसांपासून?"

किशनरावांनी रुमालाची घडी घातली. "दोन वर्सं झाली असतील. काडी दिसंना म्हणून सोडली. बोटाला कळतं, ते खरं हाय. बोट काय खोटं बोलून राहिलं न्हाई."

"मग बोलले काहून न्हाई?"

"बोललो असतो तर पोरानं गळ माळ्यावर टाकला असता."

ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी एक म्हातारा माणूस काठच्या शेवाळलेल्या दगडांवरून घसरून पाण्यात गेला होता. त्यानंतर प्रज्ञेशने बापाला बजावलं होतं, नजर अधू झाली त्या दिवशी धरण बंद. पोरगं बोललेलं करतं, हे किशनरावांना माहीत होतं.

"मोतीबिंदू असेल," मी म्हणालो. "शिबिरात फुकट काढतात."

"अन् बिघडला मंग? आता निदान धूसर तरी दिसतं. बोट चालू हाय. तेवढ्यात माझं भागतं, पंत."

"पाय घसरला तर बोट काय करंल?" गोपीचंद म्हणाला. "मी संध्याकाळी प्रज्ञेशला सांगणार हाय."

"सांग. मंग माझ्या शेजारी बसू नको."

"न्हाई बसणार. तुमाला पाण्यातून काढायला समोर बसंन."

किशनराव उठले आणि चालू लागले. पुढे काचेचा बोगदा होता, डोक्यावरून मासे जात होते. सगळे वर बघत होते. किशनराव समोर बघत, कठड्याला हात लावून चालत गेले.

संध्याकाळी प्रज्ञेशच्या खोलीवर जेवायला बसलो. त्याने विचारलं, "कसं होतं, बाबा?"

"काच मळकी होती," किशनराव म्हणाले.

गोपीचंदने घास खाली ठेवला. तो बोलणार तेवढ्यात किशनरावांनीच हात वर केला. "थांब गोपी. काच न्हाई, बाबू. माझे डोळे मळले. दोन वर्सं झाली."

प्रज्ञेश म्हणाला, "म्हणजे दोन वर्सं तुमी आंधळ्यावानी त्या दगडांवर बसून राहिले? आईला ठावं हाय?"

"न्हाई."

"मंग गळ बंद. आपलं ठरलं होतं."

"ऑपरेशन करतो," किशनराव म्हणाले. "गळ बंद न्हाई. मोतीबिंदू निघाला की चालू. तोवर घरी बसतो. आता तू बोल."

प्रज्ञेशने आमच्याकडे पाहिलं. "हे तुमी शिकवलं का?"

"आमी फक्त मरळ दाखवली," गोपीचंद म्हणाला.

प्रज्ञेशने भाजीचं भांडं बापापुढे सरकवलं. "शिबिरात मी स्वतः घेऊन जाईन," म्हणाला.

फेब्रुवारीत तालुक्याच्या शिबिरात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. प्रज्ञेश रजा काढून आला होता. महिनाभर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नव्हतं. जनकाबाईंनी गळाची काठी धान्याच्या कोठीमागे ठेवली आणि पहारा केला. एप्रिलमध्ये किशनराव पुन्हा रांगेत येऊन बसले. आधी त्यांनी गोपीचंदकडे नीट निरखून पाहिलं. "गोपी, तू एवढा म्हातारा कवा झाला रे? अन् मी तुझं ऐकून राहिलो होतो!"

त्यांनी काडीही बांधली. ती दिसते म्हणून जराशी हलली तरी झटका देऊ लागले, आणि मासे सुटू लागले. तिसऱ्या रविवारी काडी काढून टाकली. आता तंगूस बोटावर असतो आणि ते समोरच्या काठावरची गुरं मोजतात. पाय ठेवायच्या आधी दगडाकडे मात्र बघतात. डावा डोळा दिवाळीनंतर करायचं ठरलं आहे. तोवर एकट्याने धरणावर जायचं नाही, ही प्रज्ञेशची अट आहे आणि ती पाळली जाते.

शिबिरात मिळालेला काळा चष्मा मे महिन्यात वाकताना पाण्यात पडला. दुसरा मी हिंगोलीहून एकशे ऐंशी रुपयांना आणून दिला. किशनरावांनी शंभर दिले. ऐंशी रुपये बाकी आहेत.