दादाचे दहा डबे

माझा मोठा भाऊ बोटीवर इंजिनिअर होता. तीसेक वर्षांपूर्वी एका सुट्टीत त्याने अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातून खेळण्यातली मालगाडी आणली. खेळण्यातली म्हटलेलं त्याला आवडायचं नाही. खऱ्या गाडीच्या मापाबरहुकूम केलेली आहे, असं तो म्हणे. एक इंजिन आणि दहा डबे. प्रत्येक डबा वीतभराहून लहान, विटकरी रंगाचा, अंगावर तिथल्या रेल्वे कंपनीचं नाव पांढऱ्या अक्षरांत. किहीमच्या आमच्या घरी त्याने ओटीवर रूळ मांडले, आईला खुर्चीत बसवलं आणि गाडी सुरू केली. दोन फेऱ्या झाल्या, जळका वास आला आणि इंजिन थांबलं ते कायमचं. तिकडचा विजेचा दाब वेगळा असतो, हे जहाजावरच्या इंजिनिअरच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याने सगळं परत खोक्यात भरलं आणि खोकं माझ्या हातात दिलं.

"हे तुझ्याकडे ठेव," म्हणाला आणि दोन दिवसांनी बोटीवर निघून गेला.

मी शाळेत चित्रकला शिकवत होते. लग्न झालं नाही. आधी वडील गेले, मग आई अंथरुणाला खिळली आणि घरात तो विषय निघायचाच थांबला. आईचं मी नऊ वर्षं केलं. दादा मधूनमधून यायचा, तिच्या उशाशी बसायचा, बाहेरचे साबण आणि चॉकलेटं द्यायचा आणि निघताना म्हणायचा, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." मला त्याचा अभिमान वाटायचा. हे आज सांगताना लाज वाटते.

निवृत्त झाले त्या वर्षी माळा आवरताना ते खोकं सापडलं. खाऱ्या हवेने चाकांचे आस गंजले होते. रंगाचे पोपडे सुटले होते, निम्मी अक्षरं गळून पडली होती. मी डबे पुसले, गंज खरवडला आणि एके दिवशी वाटलं, आता हे अमेरिकेतले कशाला राहायला हवेत? आमच्याकडे प्रवासी गाडी येतच नाही. थळच्या खत कारखान्याची मालगाडी तेवढी येते-जाते. तीच करावी.

मी वही घेऊन रेल्वेच्या फाटकापाशी जाऊन बसू लागले. गाडी उभी असली की डब्यांवरचे आकडे, रिकाम्या डब्याचं वजन, धक्का देऊ नये अशी सूचना, सगळं उतरवून घ्यायचे. शेजारच्या शेतातली एक बाई दोन दिवस बघत राहिली आणि तिसऱ्या दिवशी जवळ आली.

"काय लिवताव, बाई?"

"डब्यांचा रंग बघतेय."

"रंग कसला, सगला गंज हाय," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी बसली. पुढे मी आकडे विसरले तर तीच सांगायची.

दीड वर्ष लागलं. शाळेत फळ्यावर हातभर अक्षरं काढणारी मी, आता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत पाच आकडे बसवत होते. झिरो नंबरच्या ब्रशचेही केस कापून त्याची तीन-चार केसांची टोकं केली. श्वास रोखून एक रेघ, मग श्वास. पावसाळ्यात रंग वाळता वाळत नसे. डबे डाळीच्या रिकाम्या डब्यात घालून चुलीच्या उबेला ठेवायचे. रोज सकाळी उठल्यावर आज काय करायचं हे मला ठाऊक असायचं आणि ते दुसऱ्या कुणासाठी नसायचं. आयुष्यात पहिल्यांदा. दहा डबे पुरे झाले तेव्हा पडवीतल्या फळीवर ओळीने मांडले.

दादाही निवृत्त झाला होता. नवी मुंबईत फ्लॅट घेतला होता. तिथे अशा छोट्या आगगाड्या जमवणाऱ्या हौशी लोकांच्या एका मंडळात तो जाऊ लागला होता, हे मला ठाऊक नव्हतं. त्या मे महिन्यात तो आणि वहिनी आले. चहा घेऊन मी पडवीत आले तर तो फळीसमोर उभा.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणाले. चेहऱ्यावर हसू असणार माझ्या. त्याने हात धरून शाबासकी द्यावी एवढीच अपेक्षा होती.

"कुणाला विचारून?"

"तूच दिलं होतंस मला."

"मी दिलं नव्हतं. ठेव म्हटलं होतं. मंडळात सगळ्यांना सांगून बसलोय की माझ्याकडे जुना सेट आहे, मूळ रंगातला."

"मूळ रंग उरलाच नव्हता, दादा. पोपडे..."

"ते मी बघितलं असतं. पूर्ववत कर."

मी नाही म्हणाले. वहिनी आत निघून गेली. दादाने आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नाही. कप फळीवर ठेवून म्हणाला, "घरसुद्धा तुझ्याकडे ठेवायलाच दिलंय ना? उद्या तेही रंगवशील."

घर आणि वाडी वडिलांच्या नावावर होती. आईच्या तेराव्यानंतर आठ दिवसांत मी हक्कसोडपत्रावर सही केली होती. बहिणी करतातच, असं सगळे म्हणाले होते आणि मलाही ते वावगं वाटलं नव्हतं. पडवीत उभी असताना ती सही पहिल्यांदा कळली. मला राग यायला हवा होता. आली ती भीती. मी म्हणाले, "बरं, करते."

रंग मी स्वतः काढला. स्पिरिट आणि जुना दातांचा ब्रश. एक डबा साफ व्हायला दुपार लागे. आकडे आधी फुगत, मग कडेने सुटत आणि कापसाच्या बोळ्यावर काळी घाण उरे. खालचा विटकरी रंगही त्याबरोबर गेला. उरलं ते नुसतं राखाडी प्लास्टिक. मग खोक्यावरचं चित्र भिंगाखाली धरून मी तो परका रंग मिसळला, त्या परक्या कंपनीचं नाव दहा डब्यांवर दोन्ही बाजूंनी लिहिलं. हात तोच होता, चांगलंच झालं. चार महिने मी फाटकाकडे गेले नाही. ती बाई वाटेत भेटली तेव्हा तब्येत बरी नव्हती असं सांगितलं.

डबे घेऊन एसटीने दादाकडे गेले. मंडळातला एक गृहस्थ मुद्दाम बघायला आला होता. त्याने पहिला डबा उचलला, उजेडात तिरका धरला आणि खाली ठेवला.

"हाताने रंगवलेला आहे. काम सुंदर आहे, पण मूळ नाही."

"बहिणीने बिघडवले," दादा म्हणाला. मी समोर बसले होते. गृहस्थाने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होता, पण वहिनीने पोहे आणले. बाकीचे नऊ डबे कुणी खोक्यातून बाहेर काढलेच नाहीत. मी निघाले तेव्हा ते खोकं चपलांच्या कपाटावर होतं.

त्यानंतरही दादा दर मे महिन्यात येतो. आंबे नेतो. डब्यांबद्दल तो बोलत नाही, मीही नाही. घर सोड असं तो कधी म्हणाला नाही. राहा असंही म्हणाला नाही. भिंतीत खिळा मारायचा तर मी हल्ली त्याला फोन करून विचारते. फोन ठेवल्यावर स्वतःचीच चीड येते, पण पुढच्या वेळी पुन्हा विचारते.

गेल्या महिन्यात त्याचाच फोन आला. मंडळातल्या त्या गृहस्थाला स्वतःचे चार डबे आपल्याकडच्या रेल्वेचे करून हवे होते, आकडे-अक्षरांसकट. "तुझं काम त्याच्या डोक्यात बसलंय," दादा म्हणाला. "मी हो म्हणून टाकलंय."

"मला आता बारीक दिसत नाही," मी म्हणाले. मला दिसतं.

"मग डोळे दाखवून घे," तो म्हणाला आणि विचारलं, नारळ उतरवले का.

उतरवले म्हटलं.