डोहातली ओटी

परवा फोनवर तुमच्यातल्या धाकट्याने सांगितलं की, त्याच्या गावच्या नदीत पोलिसांचे पाणबुडे दोन दिवस एक सुरा शोधत होते, पाठीला हवेच्या टाक्या, हातात दिवे, तरी सापडला नाही. मग विचारलं, आजी, तुमच्या वेळी असं काही होतं का? मी म्हटलं, होतं, आणि आमचं सापडलं. फोनवर एवढंच बोलले. उरलेलं लिहून पाठवते, कारण ते तुमचंच आहे.

तुमच्या आईला मी वाढवलं, पण जन्म माझ्या थोरल्या बहिणीने दिला, हे तुम्हाला माहीत आहे. ती भामा नदीच्या डोहात सापडली, हेही ऐकून आहात. कशी गेली ते कोणी नीट सांगितलं नसेल. तुमची आई तेव्हा पाच महिन्यांची होती.

आमचे वडील चिंचवडला शाळेत मास्तर होते. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकता सुरू झाला होता. त्याच्या पलीकडे नुसती शेतं. मी मॅट्रिक होऊन पुण्याला कॉलेजात जात होते. ताईला चाकणच्या पुढे, भामेकाठच्या एका बागायतदाराच्या घरात दिलं होतं. घर मोठं, मळा मोठा, नवऱ्याचा सख्खा चुलता गावचा पोलीस पाटील. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण त्यांनी तिला पाठवलंच नाही. बारसंही त्यांच्याच घरी झालं. आम्ही पाहुण्यांसारखे गेलो आणि पाहुण्यांसारखे परत आलो.

त्या बारशातली एक गोष्ट लक्षात ठेवा. पाळण्यात बाळाला घालण्याआधी स्वयंपाकघरातला वरवंटा धुऊन, त्याला हळदकुंकू लावून, टोपडं घालतात आणि 'कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या' म्हणत दोघी जणी तो पाळण्याखालून एकमेकींच्या हातात देतात. वरवंटा म्हणजे पाट्याचं लेकरू. पाळण्याच्या एका बाजूला ताईची सासू होती, दुसऱ्या बाजूला मी. वरवंट्याच्या एका टोकाचा टवका उडालेला होता. तो माझ्या तळहाताला टोचला.

दिवाळीला ताई येणार होती. आईने तिच्यासाठी हिरवा खण आणून ठेवला होता. वसुबारसेच्या दुपारी गडी निरोप घेऊन आला की धुणं धुताना पाय घसरला, डोक्याला खडक लागला, पाण्यात गेली. पोलीस पाटलाने तसंच लिहून टाकलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा चितेची लाकडंही रचून तयार होती.

आईने चितेआधी तिला न्हाऊ घातलं. ताईच्या अंबाड्याखाली आईची बोटं आत गेली. आई रडली नाही. तिने हात पुसले आणि वडिलांना म्हणाली, हिला अजून जाळायचं नाही. वडील आयुष्यात कोणाशी मोठ्याने बोलले नव्हते. त्या दिवशी ते चितेसमोर आडवे बसले, आणि चाकणचा फौजदार येईपर्यंत उठले नाहीत. पुण्याच्या सरकारी डॉक्टरांनी लिहिलं की घाव मागून, गोल आणि जड वस्तूचा आहे. मात्र खडकावर पडूनही असा घाव होणं अशक्य नाही. त्या एका 'मात्र'वर नवरा मोकळा फिरत होता, आणि बाळ त्याच्या घरात होतं.

बाळ मागायला आई आणि मी गेलो. सासूने दिलं नाही. आमचं रक्त आहे, म्हणाली. बोलता बोलता ती चटणी वाटत होती, आणि हातात वरवंटा नव्हता, नदीतला एक गोटा होता. मी विचारलं. फुटला, म्हणाली. मी म्हटलं, तुकडे? तिने माझ्याकडे पाहिलं आणि चटणीत पाण्याचा शिपका मारला.

घरी येऊन मी जिल्हा पोलीस अधिकाऱ्याला इंग्रजीत अर्ज लिहिला. मुद्द्यांना आकडे घातले: घाव, त्याचा आकार, पोलीस पाटलाचं नातं, वरवंट्याविना पाटा. शेवटी विनंती केली की डोह शोधावा. इंग्रजी शिकल्याचा त्याहून चांगला उपयोग मी पुढे कधी केला नाही. माझ्या मनात न्याय वगैरे शब्द नव्हते. मला त्याला फासावर पाहायचं होतं.

पंधरा दिवसांनी फौजदाराचा निरोप आला. तेव्हा पोलिसांकडे स्वतःचे पाणबुडे नसत. नदीकाठच्या भोई लोकांना बोलावणं जाई. आले ते दोघे भाऊ होते, पन्नाशीच्या आसपासचे, अंगाला तेल चोपडलेले, कानात तेलाचे बोळे. डोहाच्या दोन्ही काठांना बांबू रोवून त्यांनी दोर ताणला. थोरला कमरेला दोरी बांधून, पोटाशी दगड धरून तळाला जाई आणि ताणलेल्या दोराच्या खालून हातांनी चाचपत सरके. खाली डोळ्यांचा उपयोग नाही, सगळं बोटांनी. धाकटा काठावर कमरेची दोरी धरून बसे. एक हिसका म्हणजे सैल सोड, दोन म्हणजे ओढ. एक पट्टा झाला की दोर हातभर पुढे सरकवत. थंडीचे दिवस होते. दर चार बुड्यांनंतर थोरला शेकोटीशी येऊन बसे. ओठ निळे पडलेले असत.

सारा गाव काठावर होता. तो नवराही होता, हाताची घडी घालून, इस्त्रीचा सदरा घालून. दुपारी त्याने भोयांना विचारलं, "काय रं, मासं घावलं का?" लोक हसले. मी हसणाऱ्यांचे चेहरे एकेक करून पाहून ठेवले. अजून विसरले नाही.

पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी दुपार कलताना थोरला भोई शेकोटीशी तंबाखू मळत फौजदाराला सांगत होता की आता वरच्या अंगाचा पट्टाच राहिला, बाकी तळ झाला. गोटे, एक फुटकी घागर आणि आसरांच्या ओट्या, दुसरं काही नाही. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बाया. खोल डोहात त्यांचं ठाणं असतं आणि बायका त्यांना खण-नारळाची ओटी वाहतात. तिला भोई हात लावत नाहीत. त्यांचं पोट त्याच पाण्यावर.

मी मधेच विचारलं की ओट्या तळाला कशा. नारळ तर तरंगतो.

त्याचा मळता हात थांबला. "जुन्या कुजून खाली जात्यात, ताई. पण एक हाय खरी. खणात बांधलेली. गाठ अजून घट्ट हाय, आन् जड."

"किती जड?"

"दगडावाणी."

फौजदार म्हणाला, काढ वर. भोई नाही म्हणाला. फौजदाराने दरडावलं, तरी नाही. आसरांचं उचललं तर पुढच्या बुडीला त्या वर येऊ देत नाहीत, हे त्याने बापाकडून ऐकलं होतं आणि बापाच्या भावाच्या बाबतीत पाहिलंही होतं. फौजदाराने त्याला तुरुंगाची भीती घातली. तो म्हणाला, घाला, तिथं कोरडं तरी असंल.

तेव्हा माझी आई उठली. तिने भोयाला विचारलं की एक ओटी घेऊन दुसरी दिली तर बाया रागावतील का. तो म्हणाला, "देणाराचं मन खरं असंल तर न्हाई रागवायच्या, माई."

आईने पिशवीतून तो हिरवा खण काढला. दिवाळीपासून ती तो जवळ घेऊनच हिंडत होती. तांदूळ आणि नारळ गावातल्या एका बाईने आणून दिले. तिचेही उपकार मी विसरलेले नाही. आईने खणात तांदूळ, नारळ, हळदकुंकू घातलं, बुडावी म्हणून काठावरचा एक गोटा घातला आणि गाठ मारताना सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "बायांनो, माझी लेक तुमच्या पाण्यात टाकली. ज्याने टाकली, त्याच्या घरात दिवा लावायला कोणी उरू देऊ नका."

भोयाने ओटी कपाळाला लावली आणि बुडी घेतली. मी मनात आकडे मोजत होते. त्र्याहत्तरला दोरीला दोन हिसके बसले.

तो वर आला तेव्हा सासू गर्दी सारून पुढे आली होती. "आसरांची ओटी उपसलीस मेल्या, वाटोळं हुईल तुझं."

भोई दम खात काठाला टेकला. "ओटी असती तर नारळ वर आला असता, आजी."

फौजदाराने पंचांसमोर गाठ सोडली. खण जांभळा होता. ताई पोटुशी असताना पाचव्या महिन्यात तिला चोळीसाठी मीच दिलेला. आत हळदकुंकू लावलेला वरवंटा होता. फौजदाराने घरातून पाटा आणायला लावला. वर्षानुवर्षं एकमेकांवर घासलेले पाटा-वरवंटा एकमेकांसारखेच झिजतात, दुसऱ्या घरचा वरवंटा त्या पाट्यावर डगडगतो. हा बसला. मी त्याच्या टोकाला हात लावायची परवानगी मागितली. टवका होता.

ताई माहेरी यायला निघाली, बोचकं बांधलं, म्हणून भांडण झालं होतं. नवऱ्याने हाताला लागलं ते मारलं. हे सगळं पुढे कोर्टात आलं. वरवंटा नुसता पाण्यात टाकला असता तर हजार गोट्यांमधला तो एक गोटा; भोयाची बोटं त्याच्यावरून सरकूनही गेली असती. पण पाट्याचं लेकरू, बारशाला गोविंद झालेलं, तसंच उघडं पाण्यात टाकलं तर घराला लागेल, असं सासूला वाटलं. म्हणून तिने त्याची ओटी बांधली. ज्या बाईला सुनेच्या रक्ताचं भय वाटलं नाही, तिला वरवंट्याचं वाटलं. तेवढ्या भयावर आम्ही जिंकलो.

त्याला बेड्या घालेपर्यंत मी पाहत उभी राहिले. इस्त्रीच्या सदऱ्याला घाम आला होता. तेवढ्यात आई त्या घरात शिरली आणि पाळण्यातून तुमच्या आईला उचलून घेऊन आली. कोणी आडवं आलं नाही.

फाशी झाली नाही, जन्मठेप झाली. मला ते कमी वाटलं आणि आजही वाटतं. अपील संपल्यावर इंग्रजीत तीन अर्ज करून तो वरवंटा मी मागून घेतला. त्या घरातला पाटा बोडकाच राहिला. सासूने नवा वरवंटा आणला होता, पण तो बसेना. आणि तिला आपल्या पाट्यावर वाटू द्यायला गावात एकही घर तयार झालं नाही. ती म्हातारी झाली ती कोरडं तिखट खात. हे मी मुद्दाम विचारून घेत असे.

तो सुटला तेव्हा तुमची आई शाळेत शेवटच्या वर्षाला होती. एका दुपारी तो दारात उभा राहिला. केस पिकलेले, पायात टायरच्या वहाणा. मुलीला एकदा बघू द्या, म्हणाला. मी दार अडवून उभी राहिले. मग म्हणाला, निदान पाणी तरी द्या, लांबून चालत आलो.

मी आत गेले. ती मागच्या खोलीत भूमितीचा अभ्यास करत होती. मी वरवंटा उचलला, बाहेर आणला आणि उंबऱ्यावर उभा करून ठेवला, टवक्याची बाजू त्याच्याकडे.

"पाणी डोहात आहे," मी म्हटलं.

त्याने वरवंट्याकडे पाहिलं, मग वहाणा ओढत निघून गेला. कोण होतं, असं तिने आतून विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही, पत्ता चुकला होता. हे तिला मी आजवर सांगितलेलं नाही. आता तुम्ही वाचून दाखवा. तिला माझा राग आला तर येऊ दे. तो परत आला असता तरी मी त्याला पाणी दिलं नसतं.