तोंडापर्यंत भरलेली छागल

लग्न होऊन बीडला आले तेव्हा सासरच्या पाण्याला तरवडाच्या सालीचा तुरट वास यायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, नव्या सुनेची गंमत करताहेत. माझं माहेर वडवणीकडचं, मी ओढ्याचं गोड पाणी प्यायलेली. सासूनं माझं वाकडं झालेलं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "आठ दिसात सवय हुईल. मग बिनवासाचं पाणी तुला पाणी वाटायचं न्हाई." तसंच झालं.

आमची आळी छागली शिवणाऱ्यांची. छागल म्हणजे पाण्याची कातडी पिशवी. खोगिराला नाहीतर गाडीला टांगली की भर उन्हात पाणी गार राहतं. निजामाच्या घोडेस्वारांपासून दौऱ्यावरच्या अंमलदारापर्यंत सगळ्यांना बीडचीच छागल लागायची. तरवडाच्या सालीत कमावलेलं कातडं पुरुष कापायचे, शिवायचे, आणि पारख करायची माझी सासू. सगळ्या आळीच्या नव्या छागली आमच्या दारातल्या लिंबाला यायच्या. त्या काठोकाठ भरून दिवसभर टांगायच्या आणि खाली चुलीतली राख पसरायची. छागलीच्या अंगाला घाम आलेला चालायचा, पण राखेवर थेंबाचा डाग पडला की टाके उसवायचे. मग तिथं कुणाचं काही चालायचं नाही, पोटच्या पोराचंसुद्धा नाही. माझ्या नवऱ्याच्या छागली तिनं किती वेळा उसवायला लावल्या असतील. पारख झाली की तेच पाणी घरात यायचं, प्यायला आणि रांधायला. म्हणून तो वास.

पाणी मात्र उसनं होतं. गावातल्या मळ्यांवर आमच्याच लोकांनी शिवलेल्या मोटा दिवसभर विहिरीत उतरायच्या, पण आमचा हात विहिरीला चालत नसे. काठापासून लांब घागरी मांडून बसायचं आणि कुणी बाई वरून ओतेल तेव्हा ओतेल. सासू पहाटे जायची ती कधी कधी उन्हं चढल्यावर परतायची. बसून बसून तिचे गुडघे धरले होते. उठताना जमिनीला दोन्ही हात टेकायची आणि वर मलाच म्हणायची, "म्हातारी न्हाई झाले गं, जमीन खाली गेलीया."

आळीच्या टोकाला पत्र्याचा एक कारखाना होता. तो बांधला हैदराबादच्या एका वयस्कर मुसलमान व्यापाऱ्यानं. आम्ही त्याला सौदागर म्हणायचो. त्याच्यामुळे आळीला बारा महिने काम मिळू लागलं होतं. हेच काम हैदराबादेत करवून घेणं त्याला सोपं गेलं असतं, असं लोक बोलत. त्यानं तसं केलं नाही. तो म्हणायचा, हुनर बीडचा आहे तर भाकरीही बीडमध्येच शिजली पाहिजे. मला तेव्हा ही बोलायची रीत वाटली. मोठी माणसं असं बोलतात आणि गाडीत बसून निघून जातात, असाच माझा समज होता.

मग पावसानं दगा दिला. बिंदुसरा नदीच्या वाळूतले झरेसुद्धा आटले, विहिरीवर भांडणं सुरू झाली आणि आमच्या घागरीत कुणी वाटीभर ओतेना. त्यातच फौजेच्या छागलींचं मोठं काम आलं होतं. सासू दोन दोन खेपा करू लागली. एके दिवशी ती वाटेत बसली ती बसलीच. मी आणि शेजारणीनं तिला धरून आणलं. रात्रभर मी तिच्या गुडघ्यांना शेक देत होते आणि माझ्या डोक्यात एक युक्ती आली. त्या युक्तीचं पाप माझं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

सगळा भार बुडाच्या शिवणीवर, छागल गळते तीही तिथंच. मग अर्धीच भरली तर काय बिघडलं? एका घागरीत दोन होतील आणि सासूची एक खेप वाचेल. दुसऱ्या दिवसापासून ती विहिरीवर गेली की मी छागली अर्ध्याच भरून टांगू लागले. तोंड बांधलेलं असायचं. संध्याकाळी ती येऊन राख बघायची. छागल चाचपून बघावी असं तिला वाटलं नाही, कारण माझ्यावर शंका घ्यायचं तिला कारणच नव्हतं. राख कोरडी असायची, आणि छागली उतरवायचं कामही माझंच. "लई गुणाचा हात पडतुया पोरांचा," म्हणून ती आळीला शाबासकी द्यायची.

महिन्याभरानं सौदागर स्वतः आला. गाडीत आमच्याच छागली होत्या, गळक्या. बुडाची शिवण शाबूत होती, गळत होतं ते वर, तोंडाजवळ. आमच्या पारखीत तिथपर्यंत पाणी कधी पोचलंच नव्हतं. फौजेनं माल परत केला होता. सगळी आळी गोळा झाली. रागानं तांबडा झालेला तो माणूस आमच्या लिंबाखाली बसला आणि आधी पाणी मागितलं.

आमच्यात दारात आलेल्याला पाणी नाही म्हणत नाहीत. घरात घोटभरही नव्हतं. सासूनं लिंबाला टांगलेली छागल काढली, आणि तिच्या हातानंच तिला सगळं सांगितलं. तोंड सोडून ती हलकी छागल तिनं सौदागरापुढं धरली. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सौदागरानं विचारलं, "माई, ये अर्धी कायकू भरी?"

"माझीच चूक हाय मालक," ती म्हणाली. "गुडघे दुखत्यात. म्या आळस केला."

जिनं जन्मात एक टाका खपवून घेतला नाही, ती सगळ्या आळीसमोर स्वतःला आळशी म्हणाली. मला पुढं होऊन खरं सांगता आलं असतं. मी पदर तोंडात धरून उभी राहिले. आज इतकी वर्षं झाली, लिहायला मी फार उशिरा, नातवाच्या पाटीवर शिकले, आणि शिकल्यावर पहिल्यांदा लिहावंसं वाटलं ते हेच.

सौदागर पाणी प्यायला. मग त्यानं पाणी येतं कुठून ते विचारलं आणि सासूबरोबर विहिरीपर्यंत चालत गेला. तिथं ती कुठं बसते ते बघितलं, किती वेळ बसते ते ऐकलं. परत आला तेव्हा राग कुठल्या कुठं गेला होता. "गलती मेरी है," तो म्हणाला. "काम दिलं, पाणी नाही दिलं." कारखान्याच्या मागं आळीसाठी विहीर खणायची, असं त्यानं तिथंच ठरवलं, आणि वडार बोलावूनच मग गाडीत बसला. माझा समज त्या दिवशी खोटा ठरला.

विहिरीचं खोदकाम सुरू झालं तशी सासू निराळीच झाली. दुपारची भाकरी घेऊन ती खड्ड्याच्या काठावर जाऊन बसायची, वर आलेली माती मुठीत दाबून बघायची. काळी माती संपली, मुरूम लागला, मग खडक. सुरुंग लावावे लागले. वडार म्हणत, आणखी दोन पुरुष उंचीएवढं खोल गेलं की पाझर नक्की. मला ती एकदाच त्या विषयावर बोलली. "इथं पाणी लागलं की छागल भरायची ती तोंडापातूर. ध्येनात ठिव." एवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

खडक फोडणं चाललं असतानाच हैदराबादहून निरोप आला की सौदागर वारला. महिन्यानं त्याचा मुलगा आला. तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्यानं सगळ्यांना बसवून नीट समजावलं. बीडला रेल्वे नाही, माल बैलगाडीनं जालन्याला न्यायचा म्हणजे दिवसामागून दिवस जातात, शिवाय गाड्यांत अर्धा माल खराब होतो. त्यापेक्षा कारखानाच जालन्याला ठेसनाजवळ नेतो. राहायला खोल्या देतो, दाराशी पाणी देतो. ज्याला यायचं त्यानं चलावं. विहिरीचं कुणीतरी विचारलं, तर तो म्हणाला, "आता तिचा काय उपयोग?" त्याच्या हिशेबानं बरोबरच होतं. जिथं आधीच रेल्वे होती तिथंच कारखाना गेला, आणि जिथं काहीच नव्हतं तिथं एक खड्डा राहिला. वडार त्याच आठवड्यात निघून गेले.

आळी रिकामी होत गेली. माझा नवरा आईच्या पाया पडला, चल म्हणून विनवलं. ती हलली नाही. "खाली वल लागलीया," ती म्हणाली. "आता कशी सोडू?" मी राहते म्हटलं, तर तिनंच मला गाडीत बसवलं. माझ्या तान्ह्या पोराला मांडीवर देताना म्हणाली, "तिकडं राख बारीक चाळून घे. कोळसा असला की डाग दिसत न्हाई."

जालन्याला दाराशी पाणी होतं, ते खरं. त्याला कसलाच वास नव्हता. पहिले कितीतरी दिवस माझी तहानच भागेना. छागल मात्र मी कधी अर्धी भरली नाही.

सव्वा वर्षानं गाडीवानाकडून कळलं, सासू गेली. आम्ही पोचलो तोवर दहा दिवस होऊन गेले होते. आळीत चारदोन म्हातारी माणसं उरली होती, बाकीच्या दारांना कड्या. कारखान्याचे पत्रेही काढून नेलेले. मी आधी मागं गेले. खड्ड्यात पाणी होतं. स्वच्छ, कमरेएवढं, वर आभाळ दिसत होतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, ती, तो आणि आणखी एक म्हातारा मिळून टोपल्याटोपल्यानं चिखल काढत होते, एक खडक तिनं पहारीनं महिनाभर फोडला. तिचे ते गुडघे घेऊन. पाणी लागलं तेव्हा ती तिथंच बसून रडली म्हणे. अख्ख्या आळीला पुरलं असतं एवढं पाणी होतं आणि भरायला कुणी नव्हतं.

आमच्या दारातल्या लिंबाला एक छागल टांगलेली होती. खाली राख, कोरडी. मी हात लावला. ती जड होती, तोंडापर्यंत भरलेली.

म्हातारा म्हणाला, "तिनं सांगितलंय, सून येईस्तोवर कमी होऊ द्यायची न्हाई. आमी रोज बघून वतीत होतो."

मी तोंड सोडलं आणि प्यायले. पाण्याला तरवडाचा वास होता. तेव्हा मी त्या म्हाताऱ्याला सांगितलं की अर्ध्या छागली मी भरल्या होत्या.

"ठावं हाय," तो म्हणाला. "सगळ्या आळीला ठावं हुतं. तिनं कुणाला बोलू दिलं न्हाई."