डांबर फासलेला तीसचा बोर्ड

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. उताऱ्याचा नारळ दिसला तर फोडून खाणारा माणूस मी. हे लिहिताना लाज वाटतेय, पण त्याचं कारण वेगळं आहे.

मी येळ्ळूरचा. बेळगावात एका वकिलांकडे टायपिंग करतो. गावाकडचा एक रस्ता रुंद झाला, तेव्हा वळणाच्या अलीकडे वेगमर्यादेचा बोर्ड लागला. वर कानडीत 'हळू चालवा', खाली ठळक ३०. मराठी अक्षर औषधालासुद्धा नाही! आम्ही चौघं मित्र तापलो. एका संध्याकाळी डांबराचा डबा घेऊन गेलो... ब्रश माझ्या हातात होता. कानडी ओळ झाकली तरी हात थांबेना, आकड्यावरही फिरवला. आकड्यानं काय घोडं मारलं होतं? पण तेवढी अक्कल असती तर गेलोच कशाला असतो. फोटो काढून ग्रुपवर टाकला. काय ते कौतुक झालं माझं!

तीन आठवड्यांनी माझा थोरला भाऊ, अण्णा, त्याच वळणावर गेला. तो बायको-मुलीसह निपाणीला राहायचा, तंबाखूच्या वखारीत कामाला. रुंद झालेल्या रस्त्यावर पहिल्यांदाच येत होता. वळणापलीकडे उसाचा ट्रॅक्टर उभा. लोक म्हणाले, "ऐंशीनं आलता, दुसरं काय हुणार?" खरंच आहे. अण्णाला वेगाचं वेड होतं. पण बोर्ड दिसला की तो वेग कमी करायचा, हेही खरं आहे. हे मला माहीत होतं आणि मी कुणाला सांगितलं नाही.

वहिनी पोरीला घेऊन गावी राहायला आली. गेल्या पौषात तिला अंगणवाडीच्या मुलाखतीला बेळगावला नेलं होतं. परतताना दुपारचे साडेतीन, लख्ख ऊन. पोरीची शाळा सुटायच्या आत पोचायचं म्हणून मी पासष्टवर होतो. हो, त्याच रस्त्यावर! भाऊ गेला तरी माझी खोड गेली नाही.

अचानक वहिनीनं माझा खांदा दाबला. "भावजी, हळू! निधानवागी चलिसी लिवलंय बघा. तीस हाय हितं." ती काकतीची, कानडी शाळेत शिकलेली.

मी पाहिलं. पांढरा स्वच्छ बोर्ड, ठळक ३०. विचार करायच्या आत ब्रेक दाबला गेला. वळण घेतलं तर समोर एक्सल मोडलेली उसाची ट्रॉली, रस्ता अडवून आडवी! आमची गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

गाडी तिथंच लावून बोर्ड बघायला दोघं चालत मागं गेलो. बोर्ड काळाकुट्ट. डांबर वाळून भेगाळलेलं, त्यावर धूळ, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. वहिनी म्हणाली, "आत्ता वाचलं की मी!"

उन्हाची तिरीप म्हणावी तर नंतर चार वेळा साडेतीनलाच जाऊन उभा राहिलो. काळाच. मला भास झाला असेल, कारण मला आकडा माहीत होता. पण वहिनी गावात आली ती बोर्ड काळा झाल्यावर. तिनं कानडी ओळ कशी वाचली? आणि दिसायचाच होता तर अण्णाला का नाही दिसला? ज्यानं पुसला त्यालाच वाचवायचं, हा कुठला न्याय? मला उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा.

पण झोप उडते ती दुसऱ्याच गोष्टीनं. त्या दुपारी वहिनी बराच वेळ त्या डांबरावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "भावजी, हे दिसलं असतं तर ह्यांनी गाडी हळू केली असती. ज्यानं कुणी फासलं, त्येच्या घरातलं एक माणूस असंच जाऊ दे. मग कळंल त्येला."

मी "व्हय" म्हणालो आणि गाडीला किक मारली.