व्याह्यांची फायनल

आमच्याकडे टेनिस बॉलच्या क्रिकेटची टीम घ्यायला फारसं काही लागत नाही. पोरांना टी-शर्ट द्यायचे, सामन्यानंतर पोहे खाऊ घालायचे आणि सगळ्यांच्या पाठीवर आपलं नाव छापून घ्यायचं. एवढ्यावर माणूस मालक होतो. माझे बाबा असेच मालक झाले. रिठदला त्यांचा भाजीचा मळा आहे. त्याच स्पर्धेत दुसरी टीम घेतली माझ्या सासऱ्यांनी, ज्यांची वाशिमच्या मंडईत अडत आहे. बाबांची वांगी सासऱ्यांच्याच दुकानात लिलावाला लागतात. म्हणजे वांगी त्यांच्याकडे आणि मुलगीही त्यांच्याकडे. अशा दोघांच्या टीम फायनलला समोरासमोर आल्या.

आदल्या दिवशी बाबांचा फोन आला. "बाई, पोराईले सांगून ठेवलं म्या, उद्या हरा म्हणून. इवायाले हरवनं बरं दिसत नाई. मंग घरात तुलेच आयकून घ्या लागन."

"माह्यासाठी काहून हरता, बाबा?" मी विचारलं, तर त्यांनी फोन ठेवून दिला.

मला भयंकर राग आला. लग्नात बाबा वाकले, पहिल्या दिवाळीला वाकले, वांग्यांना बोली कमी लागली तरी "चालते न, इवाई" म्हणून हसले. निदान खेळात तरी या माणसानं ताठ उभं राहावं, एवढंच मला हवं होतं.

फायनलला बाबांच्या पोरांनी हरण्याचं काम अगदी मन लावून केलं. हातातले झेल सोडले. एक जण तर बॉलमागे धावता धावता बुटाची लेस बांधायला बसला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, खूश होते. बाबा त्यांच्या शेजारी बसून चुकीच्या टीमसाठी टाळ्या वाजवत होते.

मधल्या सुट्टीत मी चहाची किटली घेऊन बाबांच्या पोरांकडे गेले आणि कप्तानाला म्हटलं, "बाबानं निरोप देल्ला. आता जिंका."

"पक्कं न, ताई?"

"मालकाची पोरगी सांगून राह्यली न तुले."

पोरं सुटलीच. दोन ओव्हर राखून जिंकली. बाबांचं तोंड उतरलं. कप त्यांनी असा धरला होता, की कुणी मागितला तर लगेच देता यावा.

मामाजी उठले. "इवाई, पोरं चांगली खेळली तुमची. पन माही सून चाय घेऊन तिकडंच काहून गेली?" बाबा हात जोडायला लागले, तसे मामाजी हसले. "पुढच्या साली आमची टीम हिच्याच नावानं. पाहू मंग बापाले कशी जिंकवते."

त्यांनी शब्द पाळला. पुढच्या वर्षी अकरा पोरांच्या पाठीवर माझं नाव होतं, आणि फायनलला समोर पुन्हा बाबाच. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "बाई, या साली म्या कोनाले काईच सांगतलं नाई. खरं खेळू." ऐकून माझा ऊर भरून आला.

मधल्या सुट्टीत मी किटली उचलली आणि या वेळी आधी माझ्याच टीमकडे गेले. कप्तानाला काय सांगितलं, ते मामाजींनी दोनदा विचारूनही मी बोललेले नाही. बाबांच्या टीव्हीशेजारी आता दोन कप आहेत. दुसरा आपण खरं खेळून जिंकला, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.